दुरुस्ती आपल्या हातात ठेवायची असेल तर : साध्या यंत्राची गाडी आणि होडी

“कॉम्प्युटरवाली गाडी नको, जुनी साधी जीप बघतोय,” असं कोणी म्हणालं की मी आधी एकच विचारतो : ती बंद पडली तर कुठे बंद पडणार? पुण्यात कर्वे रस्त्यावर पडणार असेल तर फोन केला की टोइंगवाला येतो, गॅरेजमधला मुलगा लॅपटॉप जोडतो आणि संध्याकाळी गाडी दारात असते. तिथे जुन्या गाडीचा साधेपणा हौसेपुरताच. पण तुमचा रोजचा रस्ता फोंडा घाटातून जात असेल किंवा मालवणसमोर खोल पाण्यात होडी घालायची असेल, तर हाताशी असतील तेवढी हत्यारं आणि आपलं डोकं एवढ्यावरच निभावावं लागतं. पुढचं सगळं त्या माणसांसाठी आहे. हौसेने घेणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, फक्त ब्रेकचा भाग त्यांनी दोनदा वाचावा.

निवड करताना मी तीन गोष्टी पाहतो. बिघाड डोळ्यांना दिसतो किंवा कानाला कळतो का? तो साध्या पान्यांनी सुटतो का? आणि लागणारा भाग तालुक्याच्या गावात मिळतो का? गाडीचं वय यात कुठेच येत नाही. तीस वर्षांपूर्वीची परदेशी आलिशान गाडी जुनी असूनही तिन्ही ठिकाणी नापास होते. २००५ ची मारुती ८०० मात्र आत छोटा कॉम्प्युटर असूनही बऱ्यापैकी पास होते.

आधी इंजिन समजून घ्या

यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन हे या सगळ्यातलं सर्वांत सरळ यंत्र. हवा जोरात दाबली की तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की पेटतो. ठिणगी लागत नाही, म्हणून प्लग नाही, कॉइल नाही. डिझेलचा पंप इंजिनच्याच गिअरवर फिरतो. एकदा सुरू झालं की बॅटरी मेली, डायनमो जळाला तरी इंजिन चालत राहतं. म्हणूनच अशा बऱ्याच जुन्या जीपमध्ये किल्ली बंद करून इंजिन थांबत नाही, डॅशबोर्डखालची स्टॉप केबल ओढून डिझेल तोडावं लागतं. नवीन माणूस पहिल्या दिवशी इथेच गोंधळतो.

आजच्या डिझेल गाड्या कॉमन रेल पद्धतीच्या. ही पद्धत मोटारगाडीत १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मधून आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळीकडे पसरली. जुन्या नोझलला शे-सव्वाशे ते दोन-अडीचशे बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब पुरतो, कॉमन रेलमध्ये तो १,६०० बारच्याही पुढे जातो. धूर कमी, आवाज कमी, ताकद जास्त, डिझेल कमी, हे सगळं खरं आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण त्या दाबाला लागणारे भाग इतके बारीक असतात की डिझेलमध्ये पाणी आलं तर इंजेक्टर कामातून जातो आणि खिसा रिकामा होतो. जुन्या इंजिनात पाणी आलं तर ते खोकतं, धूर ओकतं, थांबतं. तुम्ही फिल्टरचं पाणी काढता, हवा काढता, आणि बहुतेक वेळा ते पुन्हा चालू लागतं. शिवाय कॉमन रेलला सतत वीज लागते. एका सेन्सरची तार उंदराने कुरतडली तरी इंजिन ताकद कमी करून लंगडत चालतं, आणि कारण शोधायला स्कॅनर लागतो.

पेट्रोलमध्ये तीन पिढ्या धरा. पहिली कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि पॉइंटवाली (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) : पद्मिनी, अँबेसिडर, सुरुवातीची ८००. दुसरी एमपीएफआय, म्हणजे पेट्रोलचा फवारा कॉम्प्युटर ठरवतो, पण बाकी गाडी साधीच : २००० सालच्या सुमारापासूनची ८०० आणि जिप्सी. तिसरी आजची, जिच्यात दिव्यापासून दरवाजापर्यंत सगळं तारांच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतं.

आता माझं मत, जे जुन्या गाड्यांच्या मंडळींना आवडत नाही. पहिलीच साधी गाडी घेणाऱ्याने कार्बोरेटरच्या मागे लागू नये. दुसऱ्या पिढीतली पेट्रोल गाडी घ्यावी. थंडीत चोक ओढायचा नाही, घाट चढताना मिश्रण बिघडत नाही, आणि तरीही बॉनेट उघडल्यावर प्रत्येक भाग ओळखता येतो. डब्यात एक जादा रिले आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज ठेवला की निम्मी चिंता मिटते. कार्बोरेटर ट्यून करणारे कान आता म्हातारे होत चाललेत, हे दुसरं कारण.

कोणती गाडी

जीप हवी असेल तर महिंद्राच्या जुन्या डिझेलमध्ये दोन मुख्य इंजिनं भेटतील. एमएम ५४० मध्ये येणारं प्यूजोच्या परवान्याचं २,११२ सीसीचं एक्सडीपी, आणि नंतरचं महिंद्राचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं). प्यूजोचं इंजिन गुळगुळीत चालतं, पण सकाळी सुरू करायला हीटर प्लग तापवावे लागतात. चारातला एक जरी मेला असेल तर सेल्फ दमतो. डीआय आवाज जास्त करतं, थंडीत लवकर पेटतं, आणि खेड्यातल्या कुठल्याही मिस्त्रीला ते पाठ असतं. गावात राहत असाल तर डीआय. एक गंमत लक्षात ठेवा : प्यूजो इंजिनच्या जीपमध्ये इंजिनला मिलिमीटरचे पाने लागतात आणि जुन्या अमेरिकन वंशाच्या बॉडी-चासीला बऱ्याच ठिकाणी इंचाचे. दोन्ही संच नसतील तर बोल्टांची डोकी गोल होणार.

जिप्सी १९८५ मध्ये आली आणि बरीच वर्षं जवळजवळ तशीच राहिली, म्हणून तिचे भाग अजून मिळतात. बसायला मागे त्रास, पेट्रोल पिते, पण हलकी असल्याने चिखलात जड जीपपेक्षा सहज निघते.

पद्मिनीबद्दल मुंबईकरांचं प्रेम मला कळतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती १,०८९ सीसीची गाडी, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढचं सलग बाकडं. पण टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, आणि टॅक्सीवाल्यांसाठी भाग ठेवणारी दुकानंही त्याबरोबर रोडावत गेली. आज पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरत, पुण्यात नाना पेठेत विचारत आणि कधी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवत सांभाळायची गाडी. रविवारची गाडी म्हणून उत्तम, रोजच्या कामाला घेऊ नका.

ब्रेक आणि जीव

साधेपणाच्या बाजूने कितीही बोललं तरी इथे नव्या तंत्रज्ञानाचा विजय निर्विवाद आहे. आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. जुनी जीप, पद्मिनी, अँबेसिडर यांत यातलं काहीच नाही. ब्रेक ड्रमचे, बऱ्याच गाड्यांत ब्रेकची लाइनही एकच, म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या दिशेने. धडक झाली तर गाडी दुरुस्त होते, माणूस होत नाही.

म्हणून घरात लहान मुलं असतील आणि एकच गाडी परवडत असेल तर ती नवी घ्या, साधी दुसरी. द्रुतगती मार्गावर आणि रात्रीच्या महामार्गावर साधी गाडी नेऊ नका. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ओढ्यातून गाडी काढली की पुढचे दोन-तीनशे मीटर हलक्या पायाने ब्रेक दाबत चालवा, म्हणजे लायनर सुकतील. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं आणि तापलं की पेडल मऊ पडतं. जुन्या गाडीत पुढे-मागे सीट बेल्ट पक्क्या जागी बसवून घ्या, आणि शक्य असेल तिथे दोन वेगळ्या लाइनींचा मास्टर सिलिंडर. या एका बाबतीत जुनंच ठेवण्याचा हट्ट नको.

गाडीच्या आधी मिस्त्री

आधी माणूस शोधा, मग गाडी. तुमच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत त्या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री हवा. त्याच्या गॅरेजात दोन-चार वेळा नुसतं जाऊन बसा. चहा सांगा, पाना द्या-घ्या, “काका, हे का उघडलंत?” एवढं विचारा. चांगला मिस्त्री आधी ऐकतो, मग हात लावतो, आणि काढलेले बोल्ट डब्यात ठेवतो. जो आल्या आल्या “हाफ इंजिन करावं लागेल” म्हणतो त्याला नमस्कार करून निघा.

गाडी पाहायला जाताना त्याला सोबत न्या आणि त्याचा दिवस बुडतो त्याचे पैसे द्या. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा : “दादा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” थंड इंजिन खोटं बोलत नाही. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागली तर चहा पिऊन या.

सुरू होताना किती सेल्फ मारावा लागतो ते बघा, मग धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील गेली. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तो कधीकधी फक्त घाण एअर फिल्टरचा असतो, घाबरायचं कारण नाही. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ चालतो, पण इंजिन तापल्यावरही राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरतंय. ऑइल भरायचं झाकण उलटून बघा, आतून दुधाळ चहासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. इंजिन चालू ठेवून तेच झाकण काढा. थोडी वाफ ठीक, पण फुसफुस करत धूर येत असेल तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय आणि किंमत निम्मी करायचा हक्क तुम्हाला मिळाला. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण मात्र कधी उघडू नका. बुडबुडे बघायचे ते थंड असताना उघडून, मग सुरू करून.

कोकणातल्या गाडीचं खरं दुखणं इंजिनात नसतं, पत्र्यात असतं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस चासीला आतून खातो आणि वरून ताजा काळा रंग मारलेला असतो. खाली झोपा, जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि चासीवर, स्प्रिंगच्या शॅकलजवळ, बॉडीच्या माउंटिंगपाशी टोचत जा. टणक आवाज हवा. भस्सकन आत गेला तर निघा. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेली चासी कितीही वेल्डिंग केली तरी तिच्यावर भरवसा नाही. फोर बाय फोर असेल तर लो गिअर टाकून चढावर प्रत्यक्ष चालवा. “चालतं, फक्त वापरलं नाही” हे वाक्य ऐकलं की समजा ते अडकलेलं आहे.

कागद

कंटाळवाणं, पण यात चूक झाली तर गाडी दारातला लोखंडी बाक होते.

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. जुन्या जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकल्याचं सर्रास आढळतं. तो बदल आरसीवर नोंदवलेला हवा. मोठे टायर, कापलेली बॉडी, वेगळी लांबी अशा “मॉडिफाइड” जीपपासून दूर राहा : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची, सोबत पर्यावरण कर भरायचा. हे शुल्क अलीकडे बरंच वाढलं आहे, तेव्हा नूतनीकरण बाकी असलेली गाडी असेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते. दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचं गुपित तिथल्या वयाच्या कडक नियमांत आहे. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात असल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, पण ती रोज चालवायच्या गाडीसाठी नाही.

गाडी घरी आल्यावर

आधीच्या मालकाने काय केलं यावर विश्वास ठेवायचा नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर, पंख्याचा पट्टा, रबरी होज आणि इंधनाचे पाइप बदला. ग्रीसचं प्रत्येक निपल शोधून ग्रीस भरा. जीपला ते पंचवीसच्या घरात निघतील आणि दोन-तीन कायम चिखलाखाली लपलेले असतील. मग एक वही घाला आणि त्यात किलोमीटरसह सगळं लिहा. नवी गाडी दहा हजार किलोमीटर काहीच मागत नाही, ही मागते : दोनेक हजाराला ग्रीस, पाच हजाराच्या आत ऑइल आणि टॅपेटवर (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागावर) नजर. ज्याला हे ओझं वाटतं त्याने अशी गाडी घेऊ नये, त्यात कमीपणा काही नाही.

पेट्रोलवाल्यांना एक नवी डोकेदुखी आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. जुने पाइप फुगतात, मऊ होतात, आतून सुटतात आणि तो कचरा कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. इथेनॉलला चालणारे पाइप टाका, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचा गॅस्केट संच बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पाइप काढून कार्बोरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात उभ्या टाकीत ते पाणी तळाला जाऊन बसतं.

हवा काढायला शिका

एकच गोष्ट शिकायला वेळ असेल तर ही शिका. डिझेल गाडी आणि डिझेल होडी रस्त्यात किंवा समुद्रात बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे लाइनमध्ये घुसलेली हवा. टाकी रिकामी झाली, फिल्टर बदलला, कुठला वॉशर दबला नाही, की इंजिनने “एअर घेतली”. पंप डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो, आणि हवा दबते, पुढे जात नाही. सेल्फ मारून बॅटरी संपवणारे लोक इथेच फसतात.

क्रम नेहमी टाकीकडून इंजिनकडे. आधी टाकीत डिझेल आहे ना आणि कॉक उघडा आहे ना बघा, हसू नका. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा बोल्ट असतो, तो दोन आटे सैल करा. फीड पंपाच्या बाजूचा हाताचा दट्ट्या खाली-वर करा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. डिझेल येत असतानाच, दट्ट्या चालू ठेवूनच बोल्ट आवळा. मग मुख्य पंपावरचा बोल्ट, तसंच. एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं. नाहीच झालं तर नोझलकडे जाणाऱ्या पोलादी पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पचपच डिझेल उडायला लागलं की एकेक आवळा. एक-दोन आवळल्यावरच इंजिन धडपडत पकडेल. त्या नटांपाशी बोट किंवा तोंड नेऊ नका : चालू नोझलचा फवारा कातडीतून आत जातो, आणि ती जखम दिसायला लहान असली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

तांब्याचे वॉशर जुने पुन्हा वापरू नका. पाच रुपयांच्या वॉशरमुळे हवा परत येते. अंगणात, दिवसाउजेडी, मुद्दाम हवा घालून हे तीन-चारदा करा, मग पावसात टॉर्चच्या उजेडात हात आपोआप चालतात.

पेट्रोल गाडीत शोध त्याहून सोपा : ठिणगी आहे का, पेट्रोल आहे का. प्लग काढून वायरला लावा, धातूला टेकवा, सेल्फ मारा. निळी ठिणगी दिसली तर पेट्रोलकडे वळा. नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, पावसाळ्यात आतली ओल कोरड्या फडक्याने पुसली की अर्ध्या गाड्या चालू होतात. पॉइंट काळे असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा. कंडेन्सर एक जादा ठेवा, तो आधी न सांगता जातो. उन्हाळ्यात घाटाच्या मध्यावर पद्मिनीसारखी गाडी थांबली तर बहुधा पेट्रोलची पाइपमध्येच वाफ झालेली असते. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका आणि दहा मिनिटं थांबा.

होडीला हेच नियम, पण माफी नाही

होडीत पहिलं पाऊल टाकण्याआधी शेतावरच्या पंपाच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर शिका. किर्लोस्करांची किंवा राजकोटच्या लिस्टर धाटणीची ही इंजिनं आपल्या गावोगाव आहेत, आणि छोट्या होड्यांवर त्याच जातीची बसतात. दाब सोडायची खिट्टी उचलायची, हँडलने चाकाला वेग द्यायचा, खिट्टी टाकायची. बॅटरी नावाचा प्रकारच नाही. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. मुठीने आवळून धरलं आणि इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट जातं. सैल सदरा, उपरणं, लटकती ओढणी त्या चाकाजवळ नको.

मोठ्या नौकांवर ट्रकच्या जातीची, लेलँडसारखी इंजिनं असतात आणि त्यांचे भाग बंदरात सहज मिळतात. छोट्या फायबर होडीसाठी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन, घ्यायचं असेल तर निवड अवघड आहे. जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक हलकं, दोरी ओढून सुरू होणारं, प्लग आणि कार्बोरेटर साफ केला की चालणारं. पण ते इंधन जास्त पितं आणि न जळलेलं ऑइल पाण्यात सोडतं. फोर-स्ट्रोक स्वच्छ आणि काटकसरीचं, पण फ्यूएल इंजेक्शनवालं असेल तर बॅटरीच्या तब्येतीवर अवलंबून. खाडीत, किनारा दिसत असताना फिरणाऱ्याने फोर-स्ट्रोक घ्यावं. बाहेर जाणाऱ्याने काहीही घ्यावं, पण वल्ही, नांगर आणि पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी दोरी असल्याशिवाय जाऊ नये.

समुद्राचं पाणी आणि वीज यांचं जमत नाही. प्रत्येक जोडणीवर हिरवा थर धरतो, आणि गाडीत जो दोष दहा वर्षांनी येतो तो होडीत एका मोसमात येतो. म्हणून होडी किनाऱ्याला परत आणणाऱ्या गोष्टी, म्हणजे इंजिन, सुकाणू, आतलं पाणी उपसणं, या विजेशिवाय चालायला हव्यात. आपोआप चालू होणारा पंप लावा, पण हाताचा पंप आणि बादली ठेवाच.

उलट मदत मागण्याच्या आणि वाट दाखवण्याच्या गोष्टींत नवं ते सगळं घ्या. किनारा दूर गेला की मोबाइल थंड पडतो. व्हीएचएफ रेडिओ हवा, संकटात चॅनेल १६. इस्रोने मच्छीमारांसाठी तयार केलेलं संकटसूचक यंत्र उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला तुमची जागा कळवतं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही होडीत रंगाने लिहून ठेवा. जीपीएस घ्या आणि सोबत साधं होकायंत्र. रेडिओ-जीपीएसची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा. जुन्या तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) ताऱ्यांवरून वाट कळायची हे खरं, पण त्यांच्यापैकी कोणीही आज जीपीएस नाकारत नाही.

रोजची सवय अशी : इंजिन सुरू केलं की आधी बाहेर पडणारं थंडाव्याचं पाणी बघा. येत नसेल तर लगेच बंद. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरला तर थोड्या वेळात फाटतो, म्हणून तो दर मोसमात बदला आणि एक जादा ठेवा. होडीच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टजवळची दोरीची ग्लँड, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणारी गुंडाळी, इंजिन चालू असताना मिनिटाला काही थेंब गळलीच पाहिजे. नवखे लोक गळती म्हणून ती आवळतात आणि शाफ्ट खरवडून ठेवतात. गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे ठोकळे अर्धे झिजले की बदला. ते झिजतात म्हणून पंखा वाचतो, त्यांना रंग लावू नका.

नोंदणी करायला चुकू नका. मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे, प्रवासी किंवा हौशी वापराची असेल तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे विचारणा करूनच होडीचा व्यवहार करा. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि ते अंगात.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी वर ओढून शाकारायच्या आधी इंजिनात गोडं पाणी फिरवा, ऑइल बदला आणि मग उभी करा, कारण जुनं ऑइल आम्लट झालेलं असतं आणि दोन महिने बेअरिंगवर बसून राहतं. डिझेलची टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होतं. इंपेलर काढून ठेवा. आठवड्यातून एकदा खिट्टी उचलून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, म्हणजे रिंगा चिकटत नाहीत.

नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा पाण्यात घालताना घाई नको. टाकीच्या तळाचं पाणी काढा, नवा डिझेल फिल्टर लावा, हवा काढा, ग्लँड बघा. पहिल्या दिवशी नांगर टाकून बंदरातच अर्धा तास इंजिन चालवा, दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत या. त्यानंतरच बाहेर, आणि त्या पहिल्या फेरीला शेजारची एखादी होडी सोबत असू द्या. तिच्या तांडेलाला ओढायची दोरी आधीच देऊन ठेवा.